तेलाच्या घाण्याला नाव सुचवा (वडील 'तुळजाई'वर अडून बसलेत)

औसा_रोड | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लातूरहून लिहायलोय. दिवाळीच्या आधी घरामागच्या पत्र्याच्या शेडात दोन लाकडी घाणे बसवले, मोटरवर चालणारे. करडी, शेंगदाणा, तीळ, थोडी जवस. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, हिशेबाची वही त्यांच्याकडं. आजवर गल्लीतले लोक, पाहुणेरावळे किटल्या घेऊन यायचे आणि तेल न्यायचे. आता लायसन्सच्या कामाला गेलो तर कळलं की खाद्यतेल असं सुटं विकता येत नाही, पॅक करून लेबल लावूनच विकायचं. लेबल म्हटलं की नाव आलं. स्टिकरवाला म्हणतो, कमीत कमी ५०० छापीन, नाव तेवढं सांगा.

तिथंच घोडं पेंड खायलंय. वडिलांचं म्हणणं 'तुळजाई ऑइल', कुलदैवत आहे. बायकोचं 'शुद्धम'. मामांचं सरळ 'लातूर लाकडी घाणा'. धाकटा भाऊ पुण्यात असतो, त्यानं 'ऑइलिशियस' सुचवलंय. वडिलांनी ते तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा वेगळं निघालं. पंधरा दिवस झाले, धुतलेल्या बाटल्या कोपऱ्यात उभ्या आहेत. काही तरी सुचवा.

---

खवचट_काका | सोमवार, रात्री १०:०५

'ऑइलिशियस' ठेवा. गिऱ्हाईक नाव म्हणायला शिकेपर्यंत तुमच्या दोन पिढ्या निघतील.

---

बिंदुसरा | सोमवार, रात्री १०:३२

औसा_रोड, वडिलांच्या भावनेला हात न लावता सांगतो. मी बीडचा, माझा ढाबा आहे, आणि त्याच्या नावात 'भवानी' आहे. गेल्या नवरात्रात तुळजापूरला जाताना पोराला काम दिलं: मांजरसुंब्यापासून पुढं भवानी, तुळजाई, अंबिका, जगदंबा असं नाव असलेल्या पाट्या मोज. चौसाळा, येरमाळा करत ४१ वर गेला आणि झोपला. धाराशिव अजून यायचं होतं.

तोटा काय होतो ते ऐका. माझ्या ढाब्याच्या नावानं नकाशावर शोधलं की पाच निघतात. एकदा एका लग्नाच्या वऱ्हाडानं साठ ताटांची ऑर्डर फोनवर मला दिली आणि जेवायला तेरा किलोमीटर पुढच्या भवानीत जाऊन बसले. तिथला मालक भला माणूस, त्यानंच मला फोन केला. पण साठ माणसांची भाजी तोवर मी फोडणीला टाकलेली. दुसरं म्हणजे पुढच्या ढाब्यावर कुणाचं पोट बिघडलं तर चार लोक माझ्या नावाला एकच तारा देऊन जातात.

देवीचा फोटो गल्ल्यावर लावा, पहिली बाटली तिच्यापुढं ठेवा. नाव मात्र असं ठेवा की ते ऐकून माणूस तुमच्याच दारात येईल.

---

पाटीवाला_परभणी | मंगळवार, सकाळी ७:१५

मी पाट्या रंगवतो, तीस वर्षं झाली. आता फ्लेक्सनं धंदा निम्मा नेला, पण दुकानाच्या शटरवर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अजून ब्रशच चालतो. नाव ठरवताना लोक पंडिताला विचारतात, सी.ए.ला विचारतात, पेंटरला कुणी विचारत नाही. मग माझ्यापुढं १० बाय ३ चा पत्रा टाकतात आणि म्हणतात, ह्याच्यात बसवा: 'श्री स्वामी समर्थ कृपा नैसर्गिक लाकडी घाणा तेल उद्योग समूह'. बसवतो. पण मग अक्षर चार बोटांचं होतं आणि एसटीतून जाणाऱ्याला फक्त 'श्री' दिसतं.

माझा हिशोब साधा आहे. तीन-चार अक्षरं, जोडाक्षर नसलेलं बरं. 'शुद्धम' मधला 'द्ध' बघा. मी स्वतः पंचवीसेक पाट्यांवर 'शुद्ध' लिहिलंय, त्यातल्या निम्म्या मालकांनी कागदावर 'शुध्द' लिहून दिलं होतं, आणि बरोबर केलं तर भांडले. बाटलीवर तर आणखी पंचाईत. बाटली गोल असते, समोरून लेबलचा थोडाच भाग दिसतो. नाव लांब असलं की गिऱ्हाइकाला शेल्फवर मधलीच चार अक्षरं दिसतात.

आणि २०२२ पासून आपल्या राज्यात पाटी मराठीत, देवनागरीत पाहिजे, दुकानात एकच माणूस असला तरी. दुसऱ्या लिपीतलं अक्षर देवनागरीपेक्षा मोठं चालत नाही. म्हणून नाव आधी मराठीत लिहून बघा, कसं दिसतं ते. 'ऑइलिशियस' मी लिहून बघितलं. नको.

एक सुचवू का? 'कुसुम'. आमच्या कृषी विद्यापीठाचं करडीचं वाण आहे, 'परभणी कुसुम'. शिवाय बाईमाणसाचं नाव वाटतं, घरगुती.

---

वकीलीणबाई | मंगळवार, दुपारी २:१०

छत्रपती संभाजीनगरला वकिली करते, त्यातलं बरंचसं काम व्यापारचिन्हांचं, म्हणजे ट्रेडमार्कचं. इथं दोन-तीन गोष्टींची गल्लत होते आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सगळ्यांत मोठा गैरसमज. शॉप अ‍ॅक्टचा कागद, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी, फूड लायसन्सचा १४ अंकी नंबर, यातल्या कशावरही तुमचं नाव छापून आलं म्हणजे नाव तुमचं झालं असं नाही. ते कागद तुम्ही धंदा करता एवढंच सांगतात. कंपनी काढून तिचं नाव मंजूर झालं तरी बाटलीवरच्या नावाचा हक्क त्यातून मिळत नाही. तो १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली मिळतो.

आता तुमची यादी. 'लातूर लाकडी घाणा': गाव, यंत्र आणि पद्धत. तिन्ही शब्द मालाचं वर्णन करतात. उद्या शेजाऱ्यानं घाणा टाकला तर त्यालाही तेच शब्द लागणार, म्हणून कायदा असे शब्द सहसा एकट्याला देत नाही. 'कुसुम' गोड आहे, पण हिंदीत करडईलाच कुसुम म्हणतात. म्हणजे तेलावर 'तेल' लिहिल्यासारखंच.

'तुळजाई': देवाधर्माच्या नावाची नोंदणी होतच नाही असं नाही, पण एकट्याची मालकी सांगणं फार अवघड. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढं 'रामायण' नावाच्या अगरबत्तीचं प्रकरण होतं. धर्मग्रंथाचं नाव मालासाठी आपलं एकट्याचं म्हणून कुणाला मागता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

'शुद्धम' ची वेगळीच कटकट. अन्नपदार्थांच्या जाहिरातींबद्दल २०१८ चे नियम आहेत. शुद्ध, नैसर्गिक, ताजं, पारंपरिक असल्या शब्दांमुळे ब्रँडचं नाव दिशाभूल करणारं ठरत असेल, तर लेबलवर किमान तीन मिलिमीटरच्या अक्षरात खुलासा छापावा लागतो: हे केवळ ब्रँडनाव आहे, मालाचं खरं स्वरूप दर्शवत नाही. म्हणजे वर 'शुद्धम' आणि खाली 'शुद्ध असेलच असं नाही'. वहिनींना हे सांगा, त्या स्वतःच नाव मागं घेतील.

आणि कुणी 'शिवराय', 'छत्रपती' सुचवायच्या आधीच लिहून ठेवते. १९५० चा बोधचिन्हं आणि नावांचा कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. केंद्राच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही.

---

पैठणची_सून | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

मॅडम, तुम्ही हे तीन वर्षांपूर्वी का नाही लिहिलं हो.

आमच्या बचत गटाचा काळा मसाला आणि येसर. पहिली दोन वर्षं घरच्या घरी, कोऱ्या पाकिटात. मग भाच्यानं एक नाव सुचवलं, छान छोटं होतं. नाव इथं लिहीत नाही. सगळ्या बायकांना आवडलं. पाकिटं छापून आणली तीन हजार, चाररंगी, वर तव्याचं चित्र. दीड वर्ष चांगलं चाललं. प्रदर्शनात स्टॉल लागायला लागला, एका मॉलवाल्यानं विचारलं, तिथं आमचा फोटो पेपरात आला. त्यानंतर महिन्याभरात परराज्यातल्या एका कंपनीच्या वकिलाची नोटीस. त्यांचं नाव आमच्यासारखं नव्हतंसुद्धा, एक अक्षर वेगळं. पण उच्चार जवळपास तोच, आणि माल मसालाच.

आम्ही सहा जणी त्या रात्री ओसरीवर बसलो. एकीनं विचारलं, 'आपण चोर झालो का?' तिला काय सांगणार. शेवटी उरलेली अकराशे-बाराशे पाकिटं होती, त्यातल्या तव्याच्या चित्राचा भाग कापून पोरांनी वह्यांना लावला. बाकीची गेली. खर्चापेक्षा मला जास्त लागलं ते गिऱ्हाइकाचं. नवीन नावाचं पाकीट बघून जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, 'तुमचा नको, तो आधीचा मसाला द्या.' मसाला तोच, हात तेच. चार महिने आम्ही पाकीट फोडून वास द्यायचो तेव्हा कुठं पटायचं.

औसा_रोड दादा, ५०० स्टिकर छापू नका. ५० छापा. आणि आधी शोधा.

---

घरवापसी | मंगळवार, रात्री ९:२०

मूळ उदगीर, सध्या हिंजवडी. भावाची बाजू कुणी तरी घ्यायला हवी. आता ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि लोक अर्धवट इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. 'घाणा' हा शब्द त्या लिपीत लिहून शोधा. पहिल्या पानावर सगळा आफ्रिकेतला घाना देश. राजधानी अक्रा, फुटबॉल टीम, कोको. तुमचा घाणा कुठं सापडणार त्यात? आणि माझी इथली शेजारीण तुमच्या बाटलीवर 'घाणा' वाचून विचारेल, 'घाण?' आपल्याकडच्या माणसाला घाणा म्हटलं की वास येतो, शेंगदाण्याचा, गरम पेंडीचा. शहरातल्या पोरांना तो शब्दच माहीत नाही.

'ळ' असलेलं नावही टाळा. तो इंग्रजी अक्षरांत कसा लिहायचा यावर एकाच घरातल्या तिघांचं एकमत होत नाही.

---

खवचट_काका | मंगळवार, रात्री ९:३१

अंकशास्त्रवाल्याकडं जाऊन एक 'अ' जास्त लावून घ्या. आमच्या कॉलनीत एकानं लावलाय. दुकान चालत नाही, पण पाटीचे पैसे अक्षरामागं वाढले.

---

मोंढ्यातला | बुधवार, सकाळी ११:०२

जालना. आडत दुकान, तिसरी पिढी. आमच्या मोंढ्यात नाव ठेवायचा प्रश्नच येत नाही. आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, 'आणि कंपनी'. एका ओळीत तीन दुकानं, तिन्हींचं आडनाव एक, तिन्हींत 'ब्रदर्स', आणि ब्रदर्स एकमेकांशी बोलत नाहीत. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे धंद्याला वापरायला कायद्यानं मुभा आहे म्हणतात, पण भाऊबंदकी झाली की 'मूळ दुकान', 'जुनं मूळ दुकान', 'एकमेव जुनं मूळ दुकान' अशा पाट्या चढतात.

गावाच्या नावाचंही सांगतो. धाराशिवला आमचे एक व्यापारी आहेत, त्यांच्या पेढीच्या नावात जुनं गावाचं नाव होतं. २०२३ मध्ये गावाचं नाव बदललं. आता पाटी बदलावी तर जुन्या पावत्या आणि पोत्यांवरचे छाप, न बदलावी तर रोज कुणी तरी टोमणा मारणार. शेळीला मात्र अजून उस्मानाबादीच म्हणतात, तिला कुणी गॅझेट दाखवलं नाही.

असो. माझा एक प्रश्न आहे, उत्तर इथं लिहा. आतापर्यंत जे लोक तेल नेतात, त्यांनी तुमचा नंबर मोबाइलमध्ये कोणत्या नावानं ठेवलाय? दहा जणांना विचारा. तुम्ही काय नाव ठेवता ते नंतर बघू, लोकांनी काय ठेवलंय ते आधी बघा.

---

औसा_रोड | गुरुवार, रात्री १०:५०

मोंढ्यातला काका, भारी प्रश्न. काल आणि आज मिळून चौदा जणांना विचारलं. दोघांनी स्क्रीन दाखवली नाही, हसले फक्त. बाकीचे असे:

तेलवाले. तेल औसा रोड. करडी तेल. घाणा. घाणा नवीन. मास्तर तेल. मास्तर घाणा. मास्तरांचा मुलगा. गुरुजी. गुरुजी तेल. मास्तर २ (मास्तर १ कोण ते विचारलं नाही). आणि एका आजीच्या फोनमध्ये नातवानं 'पिवळी किटली' म्हणून ठेवलाय, कारण मी पहिल्यांदा तिथं तेल पिवळ्या किटलीतून दिलं होतं.

बारापैकी सहांमध्ये वडील आहेत. त्यांना सांगितलं तर वहीतून वर न बघता म्हणाले, 'मी रिटायर झालोय.' पण संध्याकाळी आईला सांगत होते, ऐकलं मी.

मग 'मास्तर' टाकून व्यापारचिन्हांच्या सरकारी साइटवर शोधलं. फुकट आहे. मालाचे वर्ग पाडलेत तिथं; वर्ग २९ निवडला, खाद्यतेल त्यात येतं असं कळलं. नुसतं अक्षरावरून नाही, उच्चारावरून शोधायचीही सोय आहे. त्यात 'मास्टर' नावाची रांगच लागली. 'गुरुजी' चंही काही खरं नाही.

---

वकीलीणबाई | शुक्रवार, सकाळी १०:१५

बरोबर शोधलंत. उच्चार बघतात ते यासाठीच, पैठणच्या ताईंचं तेच झालं होतं. आणि एकाच वर्गावर थांबू नका. एकूण ४५ वर्ग आहेत; मसाले, पीठ ३० मध्ये, हॉटेल ४३ मध्ये. तेल २९ मध्ये असलं तरी ३० सुद्धा चाळा, गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच किराण्याच्या दुकानात मिळतात.

---

औसा_रोड | रविवार, दुपारी ४:२०

अपडेट. जरा लांबलंय, माफ करा.

शनिवारी वडिलांना घेऊन शेतावर गेलो. आमची करडी दोन एकर, काढणीला आलीय. मी सहज विचारलं, एवढ्या पहाटे का काढतात हो ही? मला वाटायचं उन्हामुळं. वडील बांधावर बसले आणि त्यांच्या आईचं सांगायला लागले. पहाटे चारला निघायची. हाताला जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळायची, मनगटापर्यंत. करडीचे काटे दवानं मऊ पडतात, तेवढ्या वेळातच काढायची. ऊन वर आलं की काटे कडक होतात, मग हात घालता येत नाही, आणि बोंडं फुटून दाणाही गळतो. ती पोरांना ओरडायची, 'दहिवर हाये तंवर आटपा रे.' शाळेत जायच्या आधी दोन ओळी काढूनच जायचे म्हणे. तळहात दाखवला मला. आता त्यावर काही दिसत नाही, पण त्यांना दिसत असावं.

दहिवर, म्हणजे दव. हा शब्द मी लहानपणी ऐकलेला, वीस वर्षांत तोंडात आलेला नाही. घरी येऊन बायकोला सांगितला. ती दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, बाटलीवर चांगला दिसेल. भावाला फोन केला, त्यानं .इन चा पत्ता लगेच बघितला, मिळतोय. २९ आणि ३० मध्ये मला तरी काही आडवं आलं नाही.

---

खवचट_काका | रविवार, दुपारी ४:४१

दही वर? आणि तेल खाली? वरण कुठाय?

---

घरवापसी | रविवार, संध्याकाळी ५:०५

काका हसवतायत, पण मुद्दा खरा आहे. शहरात निम्मे लोक दह्याचा ब्रँड समजतील. लेबलवर एक दवाचा थेंब आणि करडीचं बोंड टाका, आणि मागं आजीची ती ओळ छापा. तीन ओळींत काम होईल. मला तर आवडलं. ऑइलिशियस मागं घेतो, तुमच्या भावाच्या वतीनं.

---

पाटीवाला_परभणी | रविवार, संध्याकाळी ७:३०

द, हि, व, र. चार अक्षरं, जोडाक्षर नाही, वर एकच वेलांटी. दोन फुटी अक्षर बसेल १० फुटी पत्र्यावर. फक्त एक करा: 'हि' ऱ्हस्व की दीर्घ ते आत्ताच ठरवून माझ्यासारख्याला कागदावर लिहून द्या. नाहीतर पाटीवर एक, बाटलीवर दुसरं आणि टेम्पोवर तिसरं होईल.

---

वकीलीणबाई | सोमवार, सकाळी ९:५०

ऱ्हस्व. शब्दाचा तेलाशी थेट संबंध नाही, त्यामुळं मालाचं वर्णन केल्याचा आक्षेप यायचं कारण दिसत नाही. अर्ज तुमच्या स्वतःच्या नावानं, व्यक्ती म्हणून टाका. ऑनलाइन एका वर्गाचे ४,५०० रुपये. मोठ्या कंपनीला त्याचेच ९,००० लागतात. नुसता शब्द नोंदवा, चित्रासकट नको, चित्र उद्या बदलाल. तपासणी होऊन जर्नलमध्ये छापून आलं की चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी झाली की दहा वर्षं, मग नूतनीकरण.

अर्ज टाकल्यावर नावाशेजारी 'टीएम' लिहा, ते आजपासूनही चालतं. गोलातला 'आर' मात्र नोंदणीचा दाखला हातात आल्याशिवाय छापू नका, तो गुन्हा आहे. स्टिकरवाले न विचारता टाकून देतात, त्यांना तो शोभेचा ठिपका वाटतो.

आणि 'दहिवर' च्या खाली बारीक अक्षरात 'लाकडी घाण्याचं करडई तेल' लिहायला कुणाची मनाई नाही. मामांचं नाव तिथं आलं.

---

औसा_रोड | बुधवार, रात्री ८:१५

अर्ज टाकला. ५० स्टिकर आणले. पहिली बाटली देव्हाऱ्यात तुळजाभवानीपुढं ठेवली, वडिलांनी स्वतः ठेवली. ते नावाबद्दल काही बोलले नाहीत. पण आज एक बाई किटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'मास्तर, एक लिटर करडी.' तर यांनी किटली बाजूला ठेवली, बाटली हातात दिली आणि विचारलं, 'दहिवर म्हणजे काय, सांगा बरं?' बाई दारातच उभ्या. वर्ग भरल्यासारखं झालं.

पाटीवाले दादा, पत्रा १० बाय ३ चाच आहे. कधी येता लातूरला?

---

पाटीवाला_परभणी | बुधवार, रात्री ८:४०

पुढच्या गुरुवारी. जेवण तुमच्याकडं.

---

बिंदुसरा | बुधवार, रात्री ९:०२

करडीची पेंड विकता का? दोन म्हशी आहेत. भाव सांगा.